अव्वानं बघितलेली पिशवी

ऑपरेशन थिएटरचं दार अर्धवट उघडलं आणि सिस्टरनं विचारलं, "अक्षताचे नातेवाईक कोण?" आम्ही दोघीच होतो. मी तिची थोरली जाऊ सिद्धेश्वरी, आणि आमची सासू चंद्रव्वा, जिला सगळं घर अव्वा म्हणतं. अक्षताचा नवरा गुरुशांत रक्ताची पिशवी आणायला रक्तपेढीत गेला होता. तो तिथं असता तर पुढचं टळलं असतं का, यावर मी पुष्कळ डोकं फोडून घेतलंय. नसतं टळलं. माझ्या दिराला आईसमोर आईपेक्षा वेगळं कधी काही दिसलेलं नाही.

डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या, मागोमाग सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन. पोटातून काढलेलं नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे पद्धतच आहे. न दाखवता टाकलं तर लोक म्हणतात, काही काढलंच नाही. ट्रेमध्ये कवठाएवढा एक पांढुरका गोळा होता आणि त्याच्या आजूबाजूला लिंबाएवढे, सुपारीएवढे बारके गोळे.

"या गर्भाशयातल्या गाठी," बाई म्हणाल्या. "अंगावरून एवढं जात होतं ते यांच्यामुळं, आणि दिवस राहत नव्हते तेही बहुतेक यांच्यामुळंच. पिशवी शाबूत आहे, मी नीट शिवलीय. सहा महिने थांबा, मग प्रयत्न करा. साधारण निम्म्या बायकांना दिवस राहतात, तेव्हा धीर सोडू नका. पण राहिले तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हिला कळा येऊ द्यायच्या नाहीत. मोठी गाठ खोल होती, पिशवी आतपर्यंत उघडावी लागलीय. कळांच्या जोरानं टाका उसवला तर बाळ जाईल आणि आईसुद्धा जाऊ शकते. त्याआधीच सिझर करायचं."

मी एकेक शब्द ऐकत होते. अव्वा ट्रेकडे बघत होती. मग तिनं मयताला जोडावेत तसे हात जोडले.

सिस्टरनं ते गोळे औषधाच्या पाण्यात बुडवून एका बरणीत भरले आणि बरणी माझ्या हातात दिली. लॅबमध्ये तपासायला द्यायची होती. रिक्षात मी बरणी मांडीवर घेतली तेव्हा अव्वा पार दुसऱ्या टोकाला सरकून बसली. परत येताना म्हणाली, "पिशवी गेली."

"अव्वा, गाठी होत्या त्या. बाई काय म्हणाल्या ते ऐकलं नाही का?"

"ऐकलं की. डॉक्टर काय तोंडावर खरं सांगतंय व्हय? मी माझी बघितलीया. अश्शीच व्हती."

इथं सांगायला हवं की अव्वा काही मूर्ख बाई नाही. सासरे गेल्यावर नवी पेठेतलं कापडाचं दुकान तिनं एकटीनं चालवलं, दोन पोरं वाढवली. पण गुरुशांत झाल्यावर तिचंही अंगावरून जायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले गाठ आहे, आणि पिशवी काढून टाकली. तेव्हाही असाच स्टीलचा ट्रे बाहेर आणून नातेवाइकांना दाखवला होता, आणि शुद्धीवर आल्यावर हट्ट करून अव्वानं स्वतः तो बघितला होता. तिची बहीण बजाबाईही गाठ म्हणून गेली आणि पिशवी देऊन आली. शेजारच्या दोघी-तिघींचं तेच. गाठ काढायला गेलेली बाई पिशवी घेऊन परत आलेली अव्वानं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. अशा बाईला तुम्ही कसं पटवणार?

अक्षता दवाखान्यातून घरी यायच्या आत बातमी आमच्या सगळ्या बाळीवेशीत झाली. बायका नारळ घेऊन बघायला आल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. "देवाच्या मनात न्हवतं," असं म्हणत होत्या. अक्षता पडल्या पडल्या प्रत्येकीला सांगायची, "माझी पिशवी आहे हो काकू." त्या मान डोलवायच्या. मला एकेकीला धरून रिक्षात बसवावं आणि डॉक्टरबाईंपुढे उभं करावं असं वाटायचं.

आता कोणी म्हणेल, पाळी येतच असेल ना, मग सासूला कळलं कसं नाही? तेच तर आहे. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग असलेल्या बाईला विटाळ नाही. पाळीतही आम्ही पूजा करतो, स्वयंपाक करतो, कोपऱ्यात बसत नाही. याचा मला फार अभिमान. शाळेतल्या मैत्रिणी बाजूला बसायच्या तेव्हा मी त्यांना चिडवायचे. आणि नेमकी तीच गोष्ट अक्षताच्या आडवी आली. बाजूला बसणारी सून असती तर चार दिवस सासूच्या डोळ्यांसमोर असती. आमच्या घरात कोणाला कधी पाळी येते हे कुणालाच कळत नाही.

मी सांगून बघितलं. "अव्वा, तिला दर महिन्याला येते पाळी."

"टाक्यातनं येत असंल रगत. आन तू लई तिची बाजू घ्यायलीस."

मी अक्षताला म्हटलं, "दाखवून टाक एकदा." "अक्का, मी काय सासूला कपडे दाखवू?" म्हणाली. तिचं बरोबर होतं. मला बोलल्याची लाज वाटली.

अक्षता होटगीची. वडील रेल्वेत. आई ती दहावीत असतानाच गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा अव्वाच्या मागं मागं असायची, भाकरी थापताना तिच्या शेजारी बसायची, 'अव्वा' म्हणताना तिचा आवाज बदलायचा. मला तर सासूशी दोन हात लांब राहिलेलंच बरं वाटतं, म्हणून हिचं नवल वाटायचं. ऑपरेशननंतर अव्वा तिच्या हातचं पाणी प्यायची, पण जेवायची नाही. का, ते कधी सांगितलं नाही. अक्षतानं केलेली भाजी ती तशीच ठेवायची आणि चटणी-भाकरी खायची.

एक दिवस दुकानात मी साडीला फॉल लावत होते. अक्षता शेजारी बसून साड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता म्हणाली, "अक्का, काल यांनी विचारलं. म्हणाले, खरं सांग, मी रागावणार नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. कूस बदलली."

माझा असा संताप झाला की मशिनखाली बोट यायचं थोडक्यात राहिलं. हा माणूस डॉक्टरांसमोर बसला होता. बाईंनी कागदावर काढून दाखवलेलं चित्र त्यानं बघितलं होतं. पण आईनं ट्रे बघितला होता, आणि ट्रे जिंकला.

वर्ष झालं तरी दिवस राहिले नाहीत. बाईंनी निम्म्या म्हटलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांविषयी आम्ही कोणी विचारलं नव्हतं. अव्वानं अक्कलकोटकडच्या आपल्या भावाची नात गुरुशांतसाठी बघायला बोलावली. चहा अक्षताला करायला लावला. "तिला बी म्हायती असावं, चोरून काय बी नको," असं म्हणाली. यात तिला काही वावगं वाटलं नाही, उलट आपण किती सरळ वागतोय असंच वाटत होतं. अक्षतानं चहा आणून दिला. गुरुशांत मोबाइलमध्ये बघत बसला. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मुलीच्या बापानंच पहिलीचं काय ते आधी मिटवा म्हणून विषय बाजूला ठेवला.

आणि मग त्या उन्हाळ्यात अक्षता दुकानाच्या मागच्या खोलीत माझ्यासमोर आली आणि तिनं मूठ उघडली. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा होत्या. आम्ही दोघी कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून रडलो. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं, मी लक्ष दिलं नाही.

अव्वाला सांगितलं तर ती म्हणाली, "पुन्ना गाठ वाढली."

उलट्या व्हायला लागल्या तेव्हा म्हणाली, पित्त. गुरुशांत अक्षताला घेऊन सोनोग्राफीला गेला आणि रडत रडत घरी आला. आईच्या कानाशी मोबाइल धरून त्यानं बाळाचे ठोके ऐकवले. अव्वा म्हणाली, "मोबाइलवर काय बी वाजतंय." पोट दिसायला लागलं तरी ती गल्लीत गाठच सांगत राहिली, आणि आता गल्ली तिच्या पाठीमागं हसायला लागली. तिला ते कळत होतं. त्यानं ती आणखीच अडून बसली.

सातवा महिना संपत आला होता. दुपारी अव्वा चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती, अक्षता तिच्याजवळ जाऊन बसली. मी समोर लसूण सोलत होते. अक्षतानं अव्वाचा हात उचलला आणि आपल्या पोटावर दाबून धरला. अव्वानं हात ओढून घेतला नाही, कदाचित चकित झाली म्हणून. मग तिचा चेहरा बदलला.

"हालतंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सिद्धू, हालतंय गं."

तिनं आपलं कपाळ अक्षताच्या पोटाला टेकवलं आणि ती रडायला लागली. सासरे गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती, असं घरात सांगतात. "माझं चुकलं पोरी," म्हणाली, मोठ्यानं, दार उघडं असताना. अक्षता तिच्या केसांवरून हात फिरवत होती. तिच्याइतकं सुखी माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

त्या रात्री अव्वा अक्षताच्या हातचं जेवली. दुसऱ्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर झाली, गल्लीला वाटली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कुबसा झाला, म्हणजे आमच्याकडची ओटी. गरोदर बाईला ओवाळायला ज्या बायकांना बोलावलं त्यांच्यासमोर अव्वानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी खोटं बोलत होते. आमच्यात बाळ पोटात असतानाच त्याला लिंग द्यायची चाल आहे. स्वामी आले, त्यांनी ते अक्षताच्या हातात दिलं, आणि बाळ होईपर्यंत तिनं ते आपल्या लिंगाबरोबर जपायचं ठरलं. त्या लिंगाची चांदीची डबी अव्वा स्वतः नवी पेठेतल्या सोनारापुढं बसून घडवून घेऊन आली. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान होती.

बाईंनी सिझरची तारीख दिली होती, गुरुवार. त्या आठवड्यात अव्वानं विचारलं, "कापायचं कशापायी?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हसली. "तुमीच दोन वर्सं माज्या कानीकपाळी वरडत व्हता की, पिशवी शाबूत हाय, शाबूत हाय. मी मानलं. चुकले म्हटलं. आता शाबूत पिशवीला कात्री कशाला लावायची?"

मी म्हटलं, "अव्वा, तुम्ही जन्मभर कापड विकलं. अख्खं कापड आणि शिवलेलं कापड एक असतं का? ताण पडला की उसवतं ते शिवणीवरच."

"माणसाचं मांस काय कापड हाय? जखम भरली की भरली. पोरीचं एकदा पोट फाडलंय, पुन्ना फाडायचं? कळा आल्या की जाऊ की दवाखान्यात. कुटं लांब हाय?"

हे ती दुष्टपणानं म्हणत नव्हती, हे मला लिहायलाच हवं. तिला अक्षताला आणखी एक घाव होऊ द्यायचा नव्हता. जी बाई दोन वर्षं एका टोकाला ठाम होती, ती आता तितक्याच ठामपणे दुसऱ्या टोकाला होती, आणि बाईंनी सांगितलेलं खरं मधेच राहून गेलं होतं.

बुधवारी आईच्या शब्दाखातर गुरुशांतनं दवाखान्यात फोन केला, गुरुवारी नको, सोमवारी येतो म्हणून. मी शेजारीच उभी होते. बाईंचा आवाज फोनबाहेर येत होता. "मी सांगितलं होतं कळांची वाट बघायची नाही. तुम्ही उद्याच या." तो 'हो मॅडम, बघतो मॅडम' म्हणत राहिला आणि त्यानं फोन ठेवला. मी त्याला बोलायचं ते बोलले. माझा नवरा सोमशेखर म्हणाला, "अगं, त्यांचं लेकरू आहे, त्यांना ठरवू दे." मी त्यालाही बोलले.

मग मी अक्षताकडे गेले. "चल, आपण दोघी जाऊ. मी नेते तुला. आत्ता."

ती भिंतीला टेकून बसली होती, अव्वानं तिच्या पायाला खोबरेल तेल चोळलं होतं. "अक्का," ती म्हणाली, "आई गेल्यापासून माझ्या पायाला कुणी हात लावला नव्हता. मी आता 'तुमचं ऐकत नाही' म्हणून उठून गेले तर? चार दिवसांचा तर प्रश्न आहे. सोमवारी जाऊच की."

शनिवारी मी दुकानात होते. जेवायच्या सुमारास अव्वाचा फोन आला, आवाज आनंदानं भरलेला. "कळा सुरू झाल्यात बघ सकाळपास्नं. चांगल्या हायत. गुरुला सांग, आन सावकाश ये."

सकाळपासून. मी गुरुशांतला हाताला धरून ओढलं. नवी पेठेत शनिवारची गर्दी, रिक्षा इंच इंच सरकत होती. मी उतरून लोकांना बाजूला सारत होते आणि लोक मला वेडी म्हणत होते.

घरात गेलो तर अव्वा अक्षताच्या पाठीवरून हात फिरवत बसलेली. "आता थांबल्यात कळा," ती म्हणाली. "जरा इसावा घ्यायलीया." अक्षताच्या ओठांना रंग नव्हता. कपाळावर थंड घाम होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "अक्का, आत काहीतरी सुटलं."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर. अव्वा बाहेरच्या बाजूला बसून बाळाच्या लिंगाची डबी अक्षताच्या मुठीत धरून ठेवत होती. दवाखान्यात धावपळ. मग तेच दार, तोच बाक, आणि बाकावर या वेळी गुरुशांतही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बाहीला रक्त होतं. त्या आमच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मुलगी होती," म्हणाल्या. "पिशवी जुन्या टाक्यावर उसवली आणि बाळ पोटात सरकलं. आम्ही पोचेपर्यंत गेलं होतं. रक्त थांबेना. अक्षताला वाचवायला पिशवी काढावी लागली. ती वाचेल."

सिस्टर ट्रे घेऊन उभी होती. मी तोंड फिरवलं. गुरुशांत भिंतीकडे गेला. अव्वा मात्र पुढं झाली. तिनं चष्मा पुसला आणि वाकून बघितलं, बराच वेळ.

"ही?"

"हो आजी. ही पिशवी. आणि हा इथं टाका होता, इथून उसवली."

"मंग तवा दावलेलं काय व्हतं?"

"गाठी होत्या. तेव्हाही सांगितलं होतं."

अव्वानं मान हलवली.

दोघं भाऊ लेकराला पुरायला रुद्रभूमीकडे घेऊन गेले. जायच्या आधी अव्वानं ती चांदीची डबी लेकराच्या गळ्यात बांधली. दोरा मोठा होत होता, म्हणून तिनं त्याला दोन फेर दिले. मग सिस्टरनं बरणी आणली. या वेळी मोठी बरणी लागली होती. मी हात पुढं केला, पण अव्वानं ती घेतली.

रिक्षात तिनं बरणी मांडीवर ठेवली आणि वरून पदर घातला. रस्त्यात खड्डा आला की ती खालून हात द्यायची. लॅबच्या काउंटरवरच्या मुलीला बरणी तिच्या हातातून सोडवून घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता नीट शुद्धीवर आली. बाळाचं तिला आधीच समजलं होतं, कोणी न सांगता. मी तिच्या उशाशी होते, अव्वा पायाशी. मग तिनं विचारलं, "आणि पिशवी?"

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अव्वा बोलली.

"शाबूत हाय," ती म्हणाली. "बाई म्हणल्या, शाबूत हाय. मी बघितलंय."

दोन वर्षं अक्षतानं या एका वाक्याची वाट बघितली होती. ते तिला मिळालं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, तिनं हात लांबवून अव्वाचा हात धरला आणि डोळे मिटले. अव्वा तशीच बसून राहिली, माझ्याकडे न बघता.

अक्षता उठल्यावर तिला खरं काय ते मलाच सांगायचं होतं. या घरात आता माझ्याशिवाय कोणाच्या बोलण्यावर ती विश्वास ठेवणार होती? मी उशाशी बसले आणि ती लवकर उठू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला.